ओवीच्या वाटेने शुभवर्तमान मुखोद्गत करविणारे फादर थॉमस स्टीफन्स

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ हे तालुक्याचे गाव मांजरा नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. या खोऱ्यात ओवी कोणाला शिकवावी लागत नाही. जात्यावर दळताना आजीने म्हटलेली ओवी सुनेच्या ओठी येते, तिच्याकडून ती नातीकडे जाते. अक्षरओळख नसलेली वृद्ध माणसेही सप्ताहाच्या पारायणात ग्रंथातील ओव्या वाचकाच्या बरोबरीने म्हणतात. जवळचे अंबाजोगाई हे परंपरेने मुकुंदराजांचे स्थान मानले जाते, आणि गोदातीरावरचे पैठण हे तर संत एकनाथांचे. मराठी ग्रंथातील ओवी ज्या भूमीत वाढली, त्या भूमीचेच आपण रहिवासी आहोत.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, आपल्या मुलांना पवित्र शास्त्रातील वचने पाठ होत नाहीत, ही तक्रार आज धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या अनेकांकडून ऐकू येते. वचने पाठ करणे म्हणजे शाळेतील पाढ्यांसारखे रुक्ष काम, असाही समज आहे. चारशे वर्षांपूर्वी ह्याच प्रश्नाला एका परदेशी धर्मगुरूंनी आपल्या ओवीच्या साह्याने उत्तर दिले. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स, आणि त्यांचा ग्रंथ 'ख्रिस्तपुराण'. शालेय पुस्तकांमुळे त्यांनी केलेली मराठी भाषेची स्तुती आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु तो ग्रंथ त्यांनी कोणासाठी आणि कशासाठी रचिला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

फादर स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील बुश्टन ह्या खेड्यात झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. त्यांच्या तरुणपणी इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथ हिची राजवट होती आणि कॅथलिक श्रद्धेचे उघड आचरण हा गुन्हा ठरला होता. मिस्साबलिदान लपूनछपून होत असे. धर्मगुरूंना आश्रय देणाऱ्यांनाही शिक्षा होत असत. अशा काळात त्यांची थॉमस पाउंड ह्या श्रद्धावान गृहस्थांशी मैत्री झाली. पाउंड हे एकेकाळचे राजदरबारातील मानकरी. पुढे श्रद्धेसाठी त्यांनी जवळजवळ तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत काढली. दोघांनी मिळून रोमला जावे आणि येशूसंघात प्रवेश करावा असा बेत केला होता. लोकांना संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स पाउंड यांचा नोकर बनून राहत असत. ऐन वेळी पाउंड पकडले गेले, आणि स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी येशूसंघात उमेदवार म्हणून प्रवेश केला.

आपल्याच देशात ज्यांची प्रार्थनेची पुस्तके जप्त होत होती, अशा लोकांमधून हे गृहस्थ आले होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी. पुढे गोव्यात त्यांनी जे केले त्याचे मूळ आम्हांस तेथे दिसते.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचे जहाज निघाले आणि २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास लागले. साडेसहा महिन्यांच्या ह्या सागरप्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना लिहिलेल्या पत्रात केले आहे. १० नोव्हेंबर १५७९ चे ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि तेथील व्यापाऱ्यांनी ते आवडीने वाचले. भारतात येऊन राहिलेले पहिले इंग्रज म्हणून इतिहासकार सामान्यतः त्यांचेच नाव घेतात. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच आणि त्याचे सोबती हे इंग्रज व्यापारी गोव्यात हेर समजून कैद झाले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी फादर स्टीफन्स यांनीच खटपट केली. पण हे सारे त्यांच्या जीवनातील आडवाटेचे प्रसंग. त्यांचे खरे आयुष्य साष्टीत गेले.

ही साष्टी म्हणजे मुंबईजवळची नव्हे. मडगाव, राशोल, बाणावली, कुंकळ्ळी ही गावे ज्या भागात येतात, ती दक्षिण गोव्यातील साष्टी. १५८० मध्ये गोव्यातच गुरुदीक्षा घेऊन फादर स्टीफन्स ह्या भागात आले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, बहुतांशी तेथेच राहिले. मधल्या काळात राशोल येथील येशूसंघीय विद्यालयाचे ते प्रमुखही झाले.

तो काळ सुखाचा नव्हता, आणि तसा तो होता असे भासविणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ते येण्यापूर्वी बारा वर्षे, १५६७ मध्ये, पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती. लोकांचे जुने ग्रंथ बाळगण्यावर बंदी होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती लोकक्षोभात मारले गेले. ख्रिस्तसभेने त्यांना पुढे, १८९३ मध्ये, धन्यवादित घोषित केले. त्या घटनेनंतर कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना असोळणा येथील किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी ठार केले, हेही तितकेच खरे. ज्या मातीत दोन्ही बाजूंचे रक्त सांडले होते, तेथे शुभवर्तमान सांगण्याचे काम फादर स्टीफन्स यांच्या वाट्याला आले.

त्यांनी प्रथम काय केले? ते विद्यार्थी झाले. तिशी ओलांडलेल्या ह्या माणसाने साष्टीतील लोकांची कोकणी शिकून घेतली आणि त्यांच्या ग्रंथांची मराठीही शिकून घेतली. १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात, ह्या देशातील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे असे निरीक्षण त्यांनी नोंदविले. भाषाशास्त्राचे अभ्यासक ते आजही महत्त्वाचे मानतात. हे ज्ञान त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. मागून येणाऱ्या धर्मगुरूंना भाषा शिकताना अडखळावे लागू नये म्हणून त्यांनी कोकणीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत रचिले. त्यांच्या पश्चात फादर दियोगु रिबेरू यांनी त्यात भर घातली, आणि १६४० मध्ये राशोल येथे ते छापून निघाले. कोणत्याही भारतीय भाषेचे छापून प्रसिद्ध झालेले हे पहिले व्याकरण होय असे सांगतात. मुलांसाठी त्यांनी कोकणीत प्रश्नोत्तररूपी धर्मशिक्षण लिहिले. तेही त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, राशोल येथेच प्रसिद्ध झाले. आपल्याबरोबर शिकणाऱ्याचा हात धरून त्याला पुढे नेण्याची त्यांची रीत अशी होती.

गोव्यात प्रार्थना पाठ करविण्याची पद्धत जुनीच होती. १५४२ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास आले तेव्हा ते हातात घंटा घेऊन रस्त्याने फिरत, मुलांना गोळा करीत आणि प्रार्थना, श्रद्धेचा अंगीकार, दहा आज्ञा चालीवर म्हणवून घेत. ती मुले घरी जाऊन आईवडिलांना शिकवीत. फादर स्टीफन्स यांच्या काळीही रविवारी मुले चर्चमध्ये जमून धर्मशिक्षण म्हणत असत. पण प्रार्थना आणि आज्ञा पाठ झाल्या तरी माणसाच्या मनाची भूक भागत नाही. त्याला कथा हवी असते. आदाम-एवेची, नोहाची, मोशेची, बेथलेहेमच्या गोठ्याची, कालवारीच्या टेकडीची कथा ह्या लोकांच्या भाषेत कोठेही नव्हती. पवित्र शास्त्र लॅटिन भाषेत होते, आणि लॅटिन समजणारे फार थोडे.

ख्रिस्तपुराणाच्या आरंभी फादर स्टीफन्स यांनी ग्रंथाच्या जन्माची हकिकत स्वतःच सांगितली आहे. एक नवख्रिस्ती मनुष्य पाद्रींपुढे आपले गाऱ्हाणे मांडतो. त्याचा आशय असा की, आमची जुनी पुराणे तुम्ही आम्हांस वाचू देत नाही. मग त्यांच्या जागी मन रमेल असे दुसरे पुराण आमच्या भाषेत का देत नाही? आम्हांस ह्या प्रश्नात मोठे धैर्य दिसते. पाद्रींसमोर उभे राहून, तुम्ही घेतले खरे पण दिले काय, असे विचारणे त्या काळी सोपे नव्हते. आणि पाद्रींनी तो प्रश्न दडपला नाही. उलट आपल्या ग्रंथाच्या अग्रभागी त्याला जागा दिली, यात त्यांचाही मोठेपणा आहे.

त्या गाऱ्हाण्याचे उत्तर म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याचे दोन भाग आहेत. पहिले पुराण जुन्या कराराचे. त्यात विश्वाच्या निर्मितीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या इस्राएल लोकांपर्यंतची कथा आहे. दुसरे पुराण प्रभू येशू ख्रिस्ताचे. त्यात त्याचा जन्म, शिकवण, चमत्कार, दुःखसहन, पुनरुत्थान व स्वर्गारोहण येते. अध्यायाला त्यांनी अवस्वरू असे नाव दिले. पहिल्या पुराणात छत्तीस आणि दुसऱ्यात एकोणसाठ अवस्वरू आहेत. भाषा ग्रंथांतील मराठी, परंतु साष्टीतील सामान्य माणसाला कळावी म्हणून कोकणी शब्द जागोजाग घेतलेले. देव हा वैकुंठीचा राजा, परंतु बाप्तिस्मा, क्रूस यांसारखे शब्द पोर्तुगीज वळणाचे. ज्याला जसे ओळखीचे, तसे.

त्यांनी ओवीच का निवडली असेल, याचा विचार आमच्या वाचकांनी अवश्य करावा. ग्रंथातील ओवीचे पहिले तीन चरण एका यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड असतो. पहिल्या चरणाच्या शेवटी जो ध्वनी येतो, तोच दुसऱ्याची आणि तिसऱ्याची आठवण करून देतो. चौथ्याशी अर्थ पुरा होतो आणि श्वासही संपतो. म्हणजे एका श्वासात एक विचार. निरक्षर माणसाला हातात पुस्तक नको, डोळ्यांपुढे अक्षर नको. एकाने ओवी उचलावी, दुसऱ्याने तिसरा चरण पुरा करावा, ज्याला आठवत नाही त्याने नुसते शेवटचे यमक म्हणावे. दोन-चार रविवारांत तोही पूर्ण ओवी म्हणू लागतो. जो मागे आहे त्याला लाज वाटत नाही, कारण त्याचा आवाज सर्वांच्या आवाजात मिसळलेला असतो. पाठांतर एकट्याने केले की ओझे होते, सोबतीने केले की गाणे होते. हे तत्त्व फादर स्टीफन्स यांनी शोधून काढले असे नव्हे. ते मराठी मुलखात आधीपासूनच जिवंत होते. ते ओळखण्याइतके नम्र मन आणि तयार कान त्यांच्यापाशी होते, ही त्यांची थोरवी.

येथे एक योगायोग नमूद केल्यावाचून राहवत नाही. फादर स्टीफन्स गोव्यास आले त्या सुमारास पैठणास संत एकनाथ हयात होते. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या संशोधित प्रतीचे काम पूर्ण केले; त्या वेळी साष्टीतील हा इंग्रज धर्मगुरू मराठीशी झटत होता. ह्या दोघांची कधी भेट झाली नाही. तरीही एक गोदावरीच्या काठी आणि दुसरा जुवारी नदीच्या काठी, दोघेही एकाच छंदात, सामान्य माणसाच्या मुखी राहील असा ग्रंथ सिद्ध करण्यात गढलेले होते.

ग्रंथ छापण्याची वेळ आली तेव्हा अडचण निराळीच उभी राहिली. लोक वाचतात त्याच लिपीत ग्रंथ निघावा अशी फादर स्टीफन्स यांची तळमळ होती. १६०८ मध्ये त्यांनी रोम येथील येशूसंघाच्या प्रमुखांना पत्र लिहून देशी लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली. जोडाक्षरे धरून सुमारे सहाशे खिळे लागतील, हा हिशेबही त्यांनी मांडला होता. ते काम झाले नाही. अखेर १६१६ मध्ये राशोल येथे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. म्हणजे मराठी ग्रंथ, पण मराठी वाचणाऱ्याला अपरिचित अक्षरांत! आम्हांस असे वाटते की त्यामुळेच ह्या ग्रंथाचा आधार वाचनापेक्षा श्रवण आणि पाठांतर हाच अधिक राहिला. ज्याला रोमन अक्षरे येत होती त्याने वाचावे, इतरांनी ऐकावे आणि मुखोद्गत करावे.

तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, वयाच्या सुमारे सत्तराव्या वर्षी फादर स्टीफन्स गोव्यातच प्रभूच्या भेटीस गेले. मायदेशी ते पुन्हा कधी परतले नाहीत.

त्यांच्या मागे ग्रंथ जगला. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. रविवारी आणि सणाच्या दिवशी चर्चमध्ये त्याचे वाचन होई. त्यांचे उदाहरण पाहून इतर धर्मगुरूही मराठी ओवीकडे वळले. फ्रान्सहून आलेले फादर एत्येन द ला क्रुआ यांनी संत पेत्र यांच्यावर मोठे पुराण रचिले व ते १६२९ मध्ये छापले गेले.

मग संकट आले ते बाहेरून नव्हे, राजसत्तेकडूनच. जून १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी आपली देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या भाषेत धर्मशिक्षण चालत होते तिचीच पाळेमुळे उपटण्याचा हा हुकूम होता. छापील प्रती हळूहळू दिसेनाशा झाल्या. परंतु लोकांच्या मुखी जे होते ते कोणाला जप्त करता आले नाही. हाताने नकला होत राहिल्या. गोव्याहून दक्षिणेकडे कानडा प्रांतात स्थलांतर केलेल्या कुटुंबांनी हा ग्रंथ आपल्याबरोबर नेला. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणास नेले, आणि १७९९ पर्यंत ते बंदिवासात राहिले. त्या पंधरा वर्षांत ख्रिस्तपुराणाच्या ओव्यांनी धीर दिला, अशी आठवण त्या समाजात परंपरेने सांगितली जाते. चर्च नाही, धर्मगुरू नाहीत, पुस्तक नाही, अशा वेळी श्रद्धावंतांपाशी उरते ते पाठ केलेलेच.

मराठीतील छापील नवा करार बंगालमधील सेरामपूर येथे प्रसिद्ध झाला तो १८११ मध्ये. त्यापूर्वीची जवळजवळ दोनशे वर्षे मराठी व कोकणी बोलणाऱ्या कॅथलिकांना पवित्र शास्त्रातील कथा आपल्या भाषेत मिळत होती ती मुख्यतः ह्या ओव्यांतून. पुढे विसाव्या शतकात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 'ख्रिस्तायन' आरंभिले आणि त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. मराठी काव्यात ख्रिस्तचरित्र सांगण्याची वाट फादर स्टीफन्स यांनी तीनशे वर्षे आधीच पाडून ठेवली होती.

आमच्या धर्मग्रामातील ज्या बंधुभगिनींना ह्या ग्रंथाशी ओळख करून घ्यावयाची आहे, त्यांनी दुसऱ्या पुराणातील दुःखसहनाचे अवस्वरू प्रथम हाती घ्यावेत असे आम्ही सुचवू. कथा परिचित असल्याने जुने शब्द अडत नाहीत. प्रायश्चित्तकाळात रोज पाच ओव्या एका घरी, त्याच पाच शेजारच्या घरी, आणि शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या भक्तीनंतर सर्वांनी मिळून, असे केले तर चाळीस दिवसांत दोनशे ओव्या होतात. ज्या मुलाला दोनच आल्या त्याला त्या दोन म्हणू द्याव्यात. घरातील वडीलधाऱ्या बाईला जात्यावरच्या ओव्यांची चाल येत असेल तर तिलाच पुढे बसवावे. लय कशी धरावी हे ती कोणत्याही शिक्षकापेक्षा चांगले सांगेल.

ग्रंथ आता दुर्मिळ राहिलेला नाही. मंगळूर येथे १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी जुन्या हस्तलिखितांवरून तो रोमन लिपीत पुन्हा छापला. पुढे लंडनमधील मार्सडन संग्रहात देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित असल्याचे डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांनी दाखवून दिले. १९५६ मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी ग्रंथाची देवनागरी आवृत्ती काढली, १९९६ मध्ये कॅरिदाद द्रागो यांनी मार्सडन प्रतीवर आधारलेली आवृत्ती सिद्ध केली, आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फलकांव यांनी आजच्या मराठी गद्यातील अर्थासह तो वाचकांपुढे ठेवला. जी लिपी फादर स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये मागितली होती, ती त्यांच्या छापील ग्रंथाला मिळण्यास साडेतीनशे वर्षे लागली.